दुसरी टाकी

पंपावरच्या माणसानं हातातली नळी परत अडकवून टाकली आणि दोन्ही हात पसरून तो पिकअपसमोर उभा राहिला.

“मागं घ्या पहिले. मागं घ्या.”

राजूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काहून? डिझेल संपलं का?”

“डिझेल हाय. तुमच्या मागं काय हाय ते पाह्यलं का?”

मागे हळद शिजवायचा फिरता कुकर होता. दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेली पाण्याची टाकी, तिच्या दोन्ही अंगांना ओली हळद भरायचे ड्रम आणि टाकीच्या पोटाखाली आगटी. आगटीच्या लोखंडी दाराच्या फटीतून निळसर धुराची बारीक दोरी सरळ वर चढत होती.

“राख हाय ते,” राजू म्हणाला.

“राखेतून धूर निंगते का? आग घेऊन पंपावर येता, अन् वरून मलेच शिकवता.”

पिकअपच्या मागच्या डाल्यात लाकडांवर बसलेले राजूचे वडील पुंजाजी खाली उतरले. कुकरची दांडी पिकअपला जोडणाऱ्या आकड्याची खिळी काढायला लागले. एरवी कुकर बाहेर रस्त्याच्या कडेला सोडायचा, पिकअप एकटी आत न्यायची, डिझेल भरून परत यायचं आणि दांडी पुन्हा आकड्यात बसवायची, असा त्यांचा रिवाज. आज राजूला घाई होती म्हणून तो सरळ आत घुसला होता.

आता मागे मोटारसायकलींची रांग लागलेली. हॉर्न वाजत होते. पुंजाजी दांडीला, राजूची आई गोजराबाई एका चाकाला आणि बायको वर्षाराणी दुसऱ्या चाकाला, असे तिघं कुकर रेटत बाहेर न्यायला लागले. रांगेतल्या एकानं मोबाइल वर धरला.

“काकू, जोर लावा जरा. चांगलं येऊन राह्यलं.”

गोजराबाईंनी पदर दातात धरला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. वर्षाराणीनं मात्र मान वळवली. “भाऊ, हात रिकामा असन तं मोबाइल खिशात घाला अन् चाक धरा.”

माणसं हसली. राजू स्टेअरिंग घट्ट धरून बसून राहिला. बायको चाक रेटते आहे आणि आपण गादीवर, हे आरशात दिसत होतं. त्यानं आरसाच वाकडा करून टाकला.

राजू गाडी रिठदला घरी घेऊन आला. कुकर अंगणात लावला आणि मग ओट्यावर उभं राहूनच म्हणाला, “माय, त्याहीले सांग, आग इझवा. नाईतर ह्या मोसमानंतर पिकअप मी दुधाच्या डेअरीले लावतो. मंग कुकरले बैल जुपा म्हणा.”

पुंजाजी दोन हात अंतरावरच बसले होते. तेही गोजराबाईंनाच म्हणाले, “त्याले सांग, ती आग महादेवाच्या दिव्यावरून आणली हाय. हळद संपते तवा ते इझते. त्याच्या आधी नाई.”

शिवरात्रीला देवळातल्या नंदादीपावर काकडा पेटवून आणायचा आणि त्यावर आगटी पेटवायची, हा पुंजाजींचा नेम. पुढे शेवटच्या वावरातली शेवटची हळद शिजेपर्यंत ती विझू द्यायची नाही. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना बाभळीचा एक बुंधा आत ठेवून वर राख ओढायची. तो धुमसत राहायचा. सप्ताहात वीणा जशी जमिनीला टेकू देत नाहीत, तशीच ही आग, असं ते मानत. पूर्वी कुकर जवळपासच्याच वावरांत फिरे, तेव्हा कोणाला अडचण नव्हती. आता गावोगाव कुकर झाले होते. काम शोधायला लांब जावं लागे, आणि कुकर मागे जुपला की पिकअप दुपटीनं डिझेल पिई. तांड्यांच्या बाजूला पंप नाही. कॅनमध्ये डिझेल कोणी देत नाही. कुकर वावरात उभा आणि पिकअप पंपाच्या वाटेवर, यातच दिवस मावळे.

त्यात मानोऱ्याच्या पलीकडून हेमसिंग या हळदवाल्या शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या तांड्यावरची सगळी हळद खणून पडली होती.

“वीरेंद्र तुमच्याच गावचा ना?” हेमसिंग म्हणाला. “त्याचा फोन येऊन राह्यला. नवा कुकर हाय म्हणते. पन मी पुंजाजीकाकाले शब्द देल्ला. परवाच्या दिवसबुडीपर्यंत या. आभाळ भरून राह्यलं, मले लय थांबता येत नाई.”

“येतो,” राजू म्हणाला. “अन् आलो का तुमची हळद होईपर्यंत हलत नाई. डिझेलले सुदिक नाई.”

तांड्याची हळद मिळाली तर मोसम निघणार होता. हुकली तर राजू डेअरीचं बोलला ते खरं करणार, हे गोजराबाईंना कळत होतं. पोरगा बोलण्यात बापावर गेला होता. एकदा बोलला की बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो रिसोडला प्रसेनजितच्या दुकानात गेला. प्रसेनजित वेल्डर. त्याच्याकडे भंगारात निघालेल्या एका टेम्पोची डिझेलची टाकी धुऊन वाळवून ठेवलेली होती. राजूच्या डोळ्यात ती आधीपासून भरलेली.

“हे बसव. हिच्यातलं डिझेल पहिल्या टाकीत उतरलं पाह्यजे.”

प्रसेनजित पिकअपखाली सरपटला. बराच वेळ नुसते त्याचे पायच दिसत होते. “जागा एकच हाय. स्टेपनीची. स्टेपनी वर डाल्यात टाक, तिथं टाकी बसते. पन राजू, ते आकड्याच्या जवळ आली बरं. तुमच्या कुकरात आग राह्यते ना?”

“राह्यत होती. बंद केली.”

“बुढ्यानं ऐकलं?”

“ऐकलं.”

प्रसेनजित बाहेर आला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली गेला. “आग राह्यली तं मी ह्या टाकीले हात लावत नाई. आधीच सांगतो.”

“सांगतलं ना, बंद केली म्हणून. लाव आता.”

पट्ट्या बसल्या, टाकी बसली. रबरी नळी दोन्ही टाक्यांमध्ये जोडायची राहिली होती, तेवढ्यात वर्षाराणीचा फोन आला.

“तुमी कुठी हा? दुपारचा पहारा तुमचा होता ना? मामाजी अजून वीणा घेऊन उभे हायेत. पाय लटलट कापून राह्यले त्याईचे.”

गावात फाल्गुनातला सप्ताह चालू होता. राजू घड्याळाकडे न पाहताच उठला. “प्रसेनजितभाऊ, जोड लवकर.”

“क्लिप नाई हाताशी. मागवतो. घंटाभर बस.”

“तार बांध.”

“तारीवर नळी टिकत नाई रे. हादरे बसले का सरकते.”

“तू बांध. मी उद्या येऊन क्लिप लावतो.”

देवळात तो पोचला तेव्हा टाळ चालू होते. पुंजाजी खांबापाशी वीणा गळ्यात घेऊन उभे होते. कपाळावरचा बुक्का घामानं नाकापर्यंत उतरला होता. एक बोट तारेवर फिरत होतं, पण गुडघे आपोआप वाकत आणि ते पुन्हा सरळ होत. ओवऱ्यातल्या बायांनी पोथीवरून नजर काढून त्यांच्याकडे लावलेली.

राजू पुढे झाला, वाकून पाया पडला आणि वीणेसाठी हात पुढे केले. कोपरापर्यंत हात काळे होते. हातांना डिझेलचा वास होता.

“त्या हातानं इले शिवू नको,” पुंजाजी हळूच म्हणाले.

“धुतो.”

“ते धुऊन निंगत नाई.”

राजू तिथेच उभा राहिला. टाळकऱ्यांपैकी दोघांचा ठेका चुकला. तेवढ्यात वीरेंद्र उठला. पांढरं धोतर, ताजा बुक्का, हात स्वच्छ. त्यानं पुंजाजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि गळ्यातली वीणा अलगद आपल्या गळ्यात घेतली.

“बसा काका. राजूले टाकीचं काम असन.”

त्याच्या आवाजात कुचेष्टा होती की नव्हती, ते सांगता येत नाही. पण पुंजाजी खांबाला पाठ लावून खाली बसले आणि राजू पायऱ्या उतरून निघून गेला, एवढं सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी कीर्तनात महाराज म्हणाले, वीणा वाजवतो तो मोठा नव्हे, पुढच्याच्या गळ्यात देताना ज्याचा हात आखडत नाही तो मोठा. ते कोणाला उद्देशून नव्हतं. पुंजाजींनी मात्र मान खाली घातली ती वर केली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी अंगणात सगळं गोजराबाईंच्या तोंडून चाललं.

“माय, इचार त्याहीले, आग इझवली का?”

“इझवली म्हणा,” पुंजाजी कुकरच्या चाकाची हवा बोटानं दाबत म्हणाले. “अन् त्याले इचार, त्याची टाकी पक्की हाय का?”

“पक्की हाय म्हणा.”

“मी काय तुमच्या दोघायचा मोबाइल होय का?” गोजराबाई म्हणाल्या. “समोरासमोर उभे हा अन् मले बोलाले लावता.”

प्रसेनजितकडे जायला राजूला सवड झाली नव्हती. तारेला हलवून पाहिलं, घट्ट वाटली, झालं. आणि पुंजाजींनी पहाटे आगटीचं दार उघडून पाण्याचा तांब्या हातात घेतला होता. बुंधा आत लाल होऊन पडलेला. तांब्यातलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं, बुंध्यावर राखेचा आणखी एक थर ओढला आणि दार लावून घेतलं.

दोन्ही टाक्या रिठदच्या वाटेवरच्या पंपावर भरल्या. कुकर घरीच ठेवून राजू एकटाच जाऊन भरून आला. आता मानोरा काय, पलीकडच्या तांड्यावर चार वावरं फिरूनही परत पंपाचं तोंड पाहायचं काम नव्हतं. तो खुशीत होता, पण खुशी दाखवली नाही. वर्षाराणी त्याच्याशेजारी बसली. म्हातारा-म्हातारी डाल्यात, लाकडं आणि स्टेपनीच्या मध्ये, तोंडं मागे कुकरकडे.

वाशीम सुटलं. ऊन चढलं तरी ते फटफटीत नव्हतं. आभाळ दुधाळ झालेलं. प्रत्येक गतिरोधकावर पुंजाजी केबिनवर थाप मारत. कुकरची दांडी हिसके खाते, हळू घे, असा तिचा अर्थ. सुरुवातीला राजूनं गाडी हळू केली. मग केली नाही. मंगरूळपीरच्या अलीकडे त्यानं खिडकीची काच वर केली.

“वाजवू द्या,” तो वर्षाराणीला म्हणाला. “मृदंग हाय तो बुढ्याचा.”

“हळू चालवा ना पन. त्याईचे हाडं मोडतीन.”

“दिवस बुडाच्या आत पोचाचं हाय का नाई?”

मंगरूळपीर मागे पडलं. मानोऱ्याच्या रस्त्याला एका नाल्यावर नवा पूल होत होता आणि बाजूनं मुरमाचा वळणरस्ता काढला होता. राजूनं तो वेगातच घेतला. पिकअप आदळली, तिच्यामागे कुकर दुप्पट आदळला, आणि आगटीचं दार टण्णकन वाजलं.

परत डांबरावर आल्यावर गोजराबाईंनी नाक वर केलं. “वास कायचा येऊन राह्यला?”

पुंजाजींनी डाल्याच्या फळीवरून खाली वाकून पाहिलं. पिकअपच्या पोटाखालून काळी ओली रेघ निघून रस्त्यावर मागे चालली होती. आकडा ओला होता. दांडी ओली होती. वाऱ्यानं थेंब मागे उडून कुकरच्या पुढच्या पत्र्यावर बसत होते आणि पत्र्याच्या खाली आगटीचं दार बोटभर उघडं पडलं होतं. त्या फटीत वारा शिरत होता. आत लाल दिसत होतं.

त्यांनी केबिनवर थाप मारली. दोन्ही हातांनी मारली.

गाडी थांबली नाही.

“राजू,” ते ओरडले. आवाज मागच्या मागे गेला. त्यांनी लाकडाचा ढलपा घेऊन पत्रा बडवला. आत वर्षाराणीनं मागे वळून पाहिलं असावं; पण मागच्या काचेला डाल्यात टाकलेली स्टेपनी आडवी आली होती.

“सरका,” गोजराबाई म्हणाल्या. त्या गुडघ्यांवर उभ्या राहिल्या, लुगड्याचा काचा खोचला, एका हातानं डाल्याचा दांडा धरला आणि केबिनच्या कडेनं कमरेइतक्या बाहेर वाकल्या. पुंजाजींनी त्यांचे पाय धरले. म्हातारीनं काचेवर बांगड्यांचा हात असा आपटला की दोन बांगड्या तिथेच फुटल्या. राजूनं दचकून काच खाली केली तर तिनं त्याची कॉलरच धरली.

“गाडी उभी कर, मेल्या.”

गाडी उभी राहिली.

राजू उतरला. वास आला तसा धावत मागे गेला. आधी त्याला नळी दिसली. तारेतून सरकून बाजूला लोंबत होती आणि टाकीतून धार लागली होती. मग आगटीतलं लाल दिसलं. तो कंबरेवर हात ठेवून बापाकडे वळला.

“इझवली म्हणत होते ना?”

“तू पक्की म्हणत होता ना?”

“खोटं बोलले तुमी.”

“अन् तू?”

“मेलो असतो सगळेच. तुमच्या महादेवासकट.”

“देवाचं नाव घेऊ नको त्या तोंडानं.”

“घेतो. काय करता? माह्या हाताले शिवू देत नाई, तोंडाले पन कुलूप लावा.” त्यानं डाल्यातून प्यायच्या पाण्याची कॅन ओढून काढली. “सरका बाजूले. एका मिनिटात इझवतो.”

पुंजाजी आगटीच्या दारासमोर उभे राहिले. मागे आग, समोर डिझेलची धार, मध्ये म्हातारा. गोजराबाई डोक्याला हात लावून रस्त्यातच बसल्या. मनगटातून रक्त येत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“मामाजी,” वर्षाराणी म्हणाली. ती ओरडली नाही. “ते तार कोनासाठी बांधली, इचारलं का तुमी कधी? तुमचे पाय कापून राह्यले म्हणून मी फोन केला. काम अर्धं टाकून धावत आले ते. हात धुवाले सुदिक थांबले नाई. अन् तुमी भर देवळात त्याईले वापस लावलं.”

पुंजाजींनी राजूच्या काळ्या हातांकडे पाहिलं.

“तू गप बस वं,” राजू तिला म्हणाला. “कोनी इचारलं तुले?”

धार पडतच होती. डांबरावरून ओघळ कुकरच्या चाकाकडे निघाला होता.

पुंजाजी वळले. डाल्यातून लोखंडी घमेलं काढलं, रस्त्याच्या कडेची माती दोन ओंजळी त्यात टाकली. फावड्यानं आगटीतला बुंधा राखेसकट ओढून घमेल्यात घेतला. ठिणगी उडू नये म्हणून वर आणखी राख लोटली. उरलेल्या निखाऱ्यांवर त्यांनी स्वतःच राजूच्या हातातली कॅन घेऊन ओतली. आगटी फुसफुसली, काळी वाफ वर आली आणि त्यांच्या तोंडावर बसली.

मग त्यांनी घमेलं उचललं. कडा पोत्याच्या तुकड्यांनी धरल्या होत्या. राजूसमोर जाऊन उभे राहिले.

“धर.”

राजूनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “काळे हायेत.”

“धर म्हनलं. वाऱ्याच्या वरच्या अंगानं त्या वावरात जाऊन उभा राह्य. अन् खाली ठेवू नको.”

राजूनं घमेलं घेतलं. ते वजनदार होतं आणि पोत्यातूनही लागत होतं. तो रस्ता उतरून, धुऱ्याच्या बांधावरून, कापून नेलेल्या हरभऱ्याच्या वावरात गेला आणि ढेकळांत पाय रोवून उभा राहिला.

पुंजाजी रस्त्यावर उताणे झाले. गुडघा वाकवताना त्यांच्या तोंडून आवाज निघाला, पण ते सरपटत पिकअपखाली गेले. धार आधी त्यांच्या कानावर पडली, मग सदऱ्यावर. त्यांनी टाकीचं तोंड चाचपलं आणि अंगठा दाबून धरला. धार थांबली.

“गोजरा, साबन दे. कपड्याची वडी हाय गठुड्यात. अन् सूनबाई, एखादा फडका फाड.”

वर्षाराणीनं आपल्या ओढणीची कड दातानं धरून फाडली. एवढ्यात तिचा फोन वाजला. हेमसिंग होता.

“कुठवर आले? इकडं वीरेंद्र सोता कुकर घेऊन येतो म्हणून राह्यला.”

“मानोऱ्याच्या अलीकडं हाओत, भाऊ. गाडीचं थोडं काम निंगालं. दिवसबुडीच्या आत येतो.”

“आग हाय ना संग? माह्या मायनं सांगतलं, काकाच्या देवाच्या आगीवरच पहिली हळद चढवाची.”

वर्षाराणीनं वावराकडे पाहिलं. “हाय. धरून उभे हायेत.”

टाकीच्या तोंडात दाबून बसवायचा साबण मऊ करायला वेळ लागत होता. गोजराबाई फुटक्या बांगडीच्या मनगटानं तो मळत होत्या. पिकअपखालून नुसते पुंजाजींचे पाय दिसत होते, टाचा भेगाळलेल्या, एक चप्पल निसटलेली. वावरात राजू तसाच उभा. घमेल्यातून धूर निघून त्याच्या डोळ्यांत जात होता, पण दोन्ही हात अडकलेले, पुसणार कशानं.

“राजू,” गाडीखालून आवाज आला. “हात भाजून राह्यले का?”

“नाई.”

“खोटं बोलू नको.”

राजूनं पाय बदलला. “भाजून राह्यले.”

“मंग दे थोडा वेळ तुह्या बायकोजवळ.”

वर्षाराणी धुरा ओलांडून त्याच्याजवळ गेली होती. तिनं ओढणीचा बोळा करून हात पुढे केले.

राजूनं घमेलं छातीकडे ओढलं.

“नाई देत,” तो म्हणाला. “तुमी अंगठा काढू नका.”